समुद्राकाठचे घर : आधी सावलीचा हिशेब, मग विजेचा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील आपल्या व्यापारी वर्गात समुद्राकाठी घर बांधण्याचा शौक वाढतो आहे. कोणाची मुळे कोकणात आहेत, कोणाची सोयरीक तिकडची आहे, तर कोणाला निव्वळ समुद्राची ओढ आहे. कराडहून कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण आणि कोल्हापूरहून आंबा घाट उतरला की रत्नागिरी. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला समुद्र गाठतो. दुकान मुलांच्या हाती सोपवावे आणि उरलेले आयुष्य तिथे सुकूनने घालवावे, हा विचार काही वाईट नाही. वाईट आहे ती घर बांधण्याची रीत.

आम्ही कापडाचे व्यापारी. इमारतीचे शास्त्र आम्ही शिकलेलो नाही. पण माप, पोत, रंग आणि टिकाऊपणा यांचा व्यवहार आम्ही आयुष्यभर केला आहे आणि त्या नजरेला जे दिसते ते असे : घाटावरचा माणूस जमीन कोकणात घेतो, पण घर मात्र घाटावरचेच उचलून तिथे नेऊन ठेवतो. चौकोनी ठोकळा, सपाट स्लॅब, समुद्र दिसावा म्हणून पश्चिमेला भिंतभर काच आणि प्रत्येक खोलीत एसी. मग काही पावसाळ्यांत स्लॅब गळू लागतो म्हणून त्यावर पत्र्याची शेड येते. ऊन आत येते म्हणून काचेला जाड पडदे लागतात. वीजबिल डोळ्यांत खुपते म्हणून शेवटी सोलर येते. म्हणजे एकाच घरासाठी खिशाला तीन वेळा हात घालावा लागतो आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत त्या घरात बसवत नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे की समुद्राकाठच्या घराची वीज नकाशाच्या कागदावर वाचते. पाया खणण्याआधी जो विचार केला जातो तोच पुढची तीस वर्षे बिल कमी ठेवतो. यंत्रांचा नंबर त्यानंतर लागतो.

घाटावरचे माप कोकणात बसत नाही

आपल्या माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीला तो ३,००० मिलिमीटरच्या वर जातो. हा फरक फक्त पावसाचा नाही, हवेचाही आहे. आपल्याकडे हवा कोरडी. दिवसा कडक ऊन, पण रात्री गारवा. म्हणून सांगलीत उन्हाळ्याच्या दुपारी दारे-खिडक्या लावून जाड भिंतींच्या आत बसले की बरे वाटते. कोकणात तेच केले तर जीव गुदमरतो. तिथे दिवस आणि रात्र यांच्या उष्णतेत फारसा फरक नसतो, हवेत ओलावा भरलेला असतो आणि अंगावरचा घाम वाळत नाही. तिथे माणसाला आराम मिळतो तो हलत्या हवेने. भिंत जाड असण्यापेक्षा वारा खेळता असणे जास्त मोलाचे.

हे आम्ही मनाने सांगत नाही. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ साली निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ काढली. खोल्यांच्या क्षेत्रफळाच्या मानाने उघडणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्र किमान किती असावे, हे त्या संहितेत हवामानानुसार ठरवून दिले आहे. उष्ण व कोरड्या प्रदेशासाठी ते १० टक्के आहे, तर उष्ण व दमट प्रदेशासाठी, म्हणजे किनाऱ्यासाठी, १६.६६ टक्के. म्हणजे २०० चौरस फुटांच्या खोलीला कोरड्या प्रदेशात २० चौरस फूट उघडी जागा पुरते, तर किनाऱ्यावर ती ३३ चौरस फूट तरी हवी. आता आपल्याकडे सर्रास बसवली जाणारी दोन पट्ट्यांची सरकती खिडकी घ्या. ती पूर्ण सरकवली तरी निम्मीच उघडते. ३० चौरस फुटांची खिडकी म्हणून पैसे मोजले, पण वाऱ्यासाठी मिळाली १५ चौरस फूट. कापडात असे माप कोणी दिले तर आपण थान परत पाठवतो. घरात मात्र मुकाट्याने चालवून घेतो.

पश्चिमेचा पेच

कोकणच्या किनाऱ्यावर समुद्र पश्चिमेला आहे. दुपारनंतरचे, सर्वांत त्रासदायक ऊनही पश्चिमेचे. पावसाचा मारा पश्चिमेचा आणि नैर्ऋत्येचा. आणि दिवसा समुद्रावरून येणारा, हवाहवासा वाराही पश्चिमेचाच. म्हणजे जे हवे आहे ते आणि जे नको आहे ते, दोन्ही एकाच दिशेने येते. समुद्राकाठच्या घराचे सारे कसब या एका पेचात आहे. पश्चिमेची बाजू अशी असली पाहिजे की वारा आणि नजर आरपार जाईल, पण ऊन आणि पाऊस अडेल.

भिंतभर काच याच्या नेमके उलटे करते. ती वारा अडवते आणि ऊन आत घेते. उतरत्या उन्हाला छज्जाही फारसा आवरत नाही, कारण चार-पाच वाजता सूर्य खाली आलेला असतो आणि ऊन छज्ज्याखालून थेट आत शिरते. त्याला उपाय जुनाच आहे. पश्चिमेला आठ-दहा फूट खोल पडवी, पडवीच्या कडेला उघडझाप करता येणाऱ्या पट्ट्यांची झडप किंवा बांबूची चटई आणि त्यापुढे झाडे.

गुहागर असो की दापोलीजवळचे मुरूड, जुनी घरे पाहावीत. घर रस्त्याकडे, मागे नारळ-पोफळीची वाडी आणि वाडी संपली की समुद्र. घर वाळूत जाऊन उभे राहिलेले नाही. खारा वारा आधी झाडांवर आपटतो, सावलीतून थंड होतो आणि मग घरात येतो. जमीन घेतल्याबरोबर ‘समुद्र दिसत नाही’ म्हणून जे लोक वाडीतली झाडे तोडतात, ते एसीचा पहिला हप्ता त्याच दिवशी भरतात.

पडद्याचा व्यापारी पडद्याविरुद्ध

आता थोडे आमच्या धंद्याविरुद्ध बोलतो. काचेमागे लावण्यासाठी जाड, अस्तर लावलेले पडदे घेणारे गिऱ्हाईक आमच्याकडे येते. ‘ऊन थांबेल असा द्या,’ असे म्हणते. कापड आम्ही देतो, पण खरी गोष्ट ही आहे की काचेच्या आतला पडदा उजेड थांबवतो, उष्णता फारशी थांबवत नाही. ऊन काचेतून आत आलेले असते. ते पडद्यावर पडते, पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. ऊन अडवायचे तर ते काचेच्या बाहेर अडवले पाहिजे. बाहेरची साधी चटई आतल्या महागड्या पडद्यापेक्षा जास्त काम करते. पडदा विकणाऱ्यानेच हे सांगितले तर वाचकांना ते पटावे.

आमची शाळा उर्दू माध्यमाची. त्या भाषेत घराच्या अंगांना जे शब्द आहेत त्यांतच हे शहाणपण साठवलेले आहे. भिंतीत वर, छताजवळ असते ते रोशनदान. गरम हवा वर चढते आणि तिथून बाहेर जाते. दारा-खिडकीला असते ती चिलमन. बारीक कामट्यांचा पडदा, ज्यातून आतल्या माणसाला बाहेरचे दिसते, बाहेरच्याला आतले दिसत नाही आणि वारा मात्र चालू राहतो. आपल्या घरांत स्त्रियांच्या खाजगीपणाचा विचार असतो, तो रास्तही आहे. पण त्यासाठी आपण आधी काच लावतो, मग ती पडद्याने झाकतो, मग अंधार झाला म्हणून दिवसा दिवे लावतो आणि हवा नाही म्हणून एसी. चिलमन ही चारही कामे बिनविजेची करत होती. ‘मस्कन’ म्हणजे राहण्याची जागा आणि ‘सुकून’ म्हणजे शांती, हे दोन शब्द एकाच मुळातून आले आहेत. ज्या घरात मीटर पळताना काळीज पळते, तिथे सुकून कुठला?

दुबईचे कापडवाले आणि नांदगावचे घर

‘हे सगळे जुने झाले, आम्हाला आजच्या जमान्याचे घर हवे,’ असे तरुण मंडळी म्हणतात. त्यांच्यासाठी दोन दाखले.

पहिला दुबईचा. कोकणातले आणि आपल्याकडचेही कितीतरी लोक आखातात नोकरी करून आले. तिथल्या खाडीकाठी पूर्वी बस्तकिया आणि आता अल फहिदी म्हणून ओळखली जाणारी जुनी वस्ती त्यांनी पाहिली असेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इराणच्या बस्तक भागातून आलेल्या व्यापाऱ्यांनी ती वसवली. मोती आणि कापड हा त्यांचा व्यापार. म्हणजे आमचेच व्यवसायबंधू! त्या घरांवर चौकोनी मनोरे आहेत. चारही बाजूंचा वारा पकडून ते खाली खोलीत उतरवतात. किनाऱ्यावरच्या भयंकर उकाड्यात, वीज नव्हती तेव्हा, त्या व्यापाऱ्यांनी डोके चालवून वारा घरात आणला. आपल्या लोकांनी आखातातून एसी आणला, काच आणली. हे मनोरे मात्र पाहून सोडून दिले. असा मनोरा कोकणात उभा करावा असे आम्ही म्हणत नाही, कारण तिथल्या पावसाला तो मानवणार नाही. घेण्यासारखी आहे ती त्यामागची अक्कल.

दुसरा दाखला आपल्याच किनाऱ्याचा आणि अलीकडचा. रायगड जिल्ह्यातील नांदगाव येथे, समुद्राकाठच्या नारळाच्या वाडीत, २००७ साली एक घर पूर्ण झाले. ‘पाल्मायरा हाउस’ या नावाने ते जगभरच्या वास्तुरचनाकारांना माहीत आहे. बिजॉय जैन यांच्या ‘स्टुडिओ मुंबई’ने ते रचले. २०१० सालच्या आगाखान वास्तुकला पुरस्कारासाठी निवडलेल्या अंतिम यादीत ते होते. दोन लांबट, दुमजली लाकडी इमारती आणि त्यांच्या मध्ये मोकळी जागा. सांगाडा ऐनाच्या लाकडाचा. बाहेरच्या बाजूंना काचेच्या भिंतींऐवजी ताडाच्या खोडाच्या पट्ट्यांची झडप. ऊन गाळून घेते, वारा आत सोडते, आतले बाहेर दिसू देत नाही. हीच आपली चिलमन! पाणी जागेवरच्या तीन विहिरींचे. ते मनोऱ्यावरच्या टाकीत चढवून उताराने घरात येते. काम केले ते स्थानिक सुतारांनी.

ते घर पैसेवाल्याचे आहे आणि तसेच्या तसे आपल्याला परवडणार नाही, हे आम्हाला कळते. पण त्यातली महाग गोष्ट कल्पना नव्हे. झाडे राखणे, घर अरुंद ठेवणे म्हणजे वारा एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने जाईल, पश्चिमेला पट्ट्यांची झडप लावणे आणि जवळचा माल व जवळचे कारागीर घेणे, या चार गोष्टी वीस-पंचवीस लाखांच्या घरालाही लागू होतात. आधुनिक घर म्हणजे काचेचे घर, हा समज मात्र सोडावा लागेल.

छप्पर, चिरा आणि खारी हवा

कोकणात जांभ्याचा चिरा मिळतो. तो तिथेच खाणीतून निघतो. घाटावरून विटा आणि ब्लॉक ट्रकने उतरवण्यापेक्षा तो वापरणे शहाणपणाचे. रत्नागिरीचा थिबा पॅलेस १९१० साली ब्रह्मदेशच्या पदच्युत राजासाठी बांधला गेला. त्याच्या बांधकामातही जांभा आहे, छप्परे उतरती आहेत. शंभर वर्षांहून अधिक पावसाळे त्याने काढले. तिथे जाऊन एकदा भिंतीला हात लावून पाहावा.

छपरासाठी मंगलोरी कौल अजूनही उत्तम आहे. ही कौले मंगळूरला बासेल मिशनने १८६०च्या दशकात सुरू केली. त्याच मिशनचे कापड विणण्याचे कारखानेही होते, हे आमच्या धंद्यातल्या जुन्या लोकांना ठाऊक असेल. कौलांच्या सांध्यांतून गरम हवा निघून जाते, पाणी उताराने वाहते आणि एक कौल फुटले तर एकच बदलावे लागते. सपाट स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते आपल्या अंगावर ओततो. ज्यांना स्लॅबच हवा त्यांनी उतरता स्लॅब घालावा. त्यावर पट्ट्या मारून, मध्ये हवेची पोकळी ठेवून कौले बसवावीत. लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेली एक रीतही आहे. स्लॅबच्या खालच्या भागात, जिथे काँक्रीटचा उपयोग कमी, तिथे जुनी कौले घालायची. काँक्रीट आणि लोखंड दोन्ही वाचते.

छप्पर हलके असले तरी घट्ट बांधलेले हवे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले आणि रायगड-रत्नागिरीत पत्रे आणि कौले पाचोळ्यासारखी उडाली. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले. म्हणून वासे भिंतीवरच्या काँक्रीटच्या पट्ट्यात बोल्टने जखडावेत. पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे ठेवावे, म्हणजे वादळाने एक उचलले तरी दुसरे राहते.

लोखंडाचा खर्च तर खारी हवा दुप्पट करते. ‘आयएस ४५६’ या भारतीय मानकाप्रमाणे (२०००) किनाऱ्यावरच्या काँक्रीटला किमान एम-३० प्रतीचे मिश्रण आणि सळीवर ४५ मिलिमीटरचे आवरण हवे. लाटांचे तुषार लागत असतील तर एम-३५ आणि ५० मिलिमीटर. घाटावरचा ठेकेदार २०-२५ मिलिमीटरच्या सवयीने काम करून जातो आणि काही वर्षांत सळी फुगून स्लॅबचे पोपडे पडतात. समुद्राची वाळू आणि मचूळ पाणी मिश्रणात वापरू देऊ नये. स्वस्तातला हा माल अखेर सर्वांत महाग पडतो. आणि जे घर वीस वर्षांत पाडून पुन्हा बांधावे लागते, त्याने कितीही वीज वाचवली तरी तो नफा कागदावरचाच.

बंद घर आणि बुरशी

आपली ही घरे वर्षाचे बरेच महिने कुलूपबंद असतात. जून ते सप्टेंबर कोणी फिरकत नाही. काचबंद, हवाबंद घर चार महिन्यांनी उघडले की गाद्या, पडदे, कपाटातले कपडे यांवर बुरशी चढलेली असते. गोदामात आपण कापडाची गाठ जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवतो का? खाली फळ्या टाकतो, भिंतीपासून हात-दीड हात जागा सोडतो, वर झरोका ठेवतो. मालासाठी जे करतो ते घरासाठी का करू नये? रोशनदाने कायम उघडी, जाळी लावलेली असावीत. कपाटे भिंतीपासून सुटी असावीत. घर मोकळा श्वास घेत राहिले तर ते बंद असतानाही टिकते.

यंत्रे शेवटी

एवढे झाले की मग यंत्रांकडे वळावे. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट खातो. नवा बीएलडीसी मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास. आठ पंखे रोज दहा तास चालले तर जुन्यांना ६ युनिट लागतात, नव्यांना २.४. महिन्याला १०८ युनिटांचा फरक. आता एसीचा हिशेब घ्या. दीड टनाचा एसी तासाला साधारण एक ते दीड युनिट घेतो. तीन एसी आठ तास चालले तर रोजचे २४ ते ३६ युनिट. आणि महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्यांनी चढतो. १००, ३००, ५०० युनिटांच्या पायऱ्या ओलांडल्या की प्रत्येक युनिट आधीपेक्षा महाग.

सोलरचा १ किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी ४ युनिट देतो आणि त्याला सुमारे १०० चौरस फूट जागा लागते. २०२४ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान ठरले. पण ३ किलोवॅटचे १२ युनिट म्हणजे एक एसी आणि पंखे. तीन एसींचे घर त्यावर चालत नाही. म्हणून आधी मागणी खाली आणा, मग संच घ्या. कोकणात पावसाळ्यात ढगांमुळे उत्पादन बरेच घटते, हेही धरून चालावे. आणि सौरवीज दिवसा बनते, एसी रात्री चालतो. संध्याकाळची ती गरज भागवायला आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या कोयनेचे पाणी सह्याद्रीतून पोफळीला उतरवावे लागते. १,९६० मेगावॅटचा तो प्रकल्प वाटेल तेवढी वीज देईल, असे समजू नये. पाणी मोजके आहे.

संच घेताना दोन प्रश्न विचारावेत. पॅनेल ‘आयईसी ६१७०१’ या खाऱ्या हवेच्या चाचणीत उतरले आहेत का? आणि खालचा सांगाडा जाड जस्त चढवलेला किंवा ॲल्युमिनियमचा, बोल्ट स्टेनलेस स्टीलचे आहेत का? घाटावर चालणारा सांगाडा समुद्राकाठी लवकर गंजतो.

काही हरकती

‘उघड्या घरात डास येतात, चोर येतात.’ खरे आहे. त्यासाठी स्टेनलेस स्टीलची जाळी आणि गज आहेत. समुद्राकाठी ३१६ प्रतीचे घ्यावे. ३०४ प्रत तिथे डागाळते. ‘म्हाताऱ्या माणसांना मे महिन्यात एसी हवाच.’ हेही खरे. मग घरातली एक खोली, पूर्व किंवा उत्तरेची, नीट बंदिस्त करावी. छताला उष्णतारोधक थर द्यावा, दारे-खिडक्या घट्ट बसवाव्यात आणि तिथे पाच ताऱ्यांचा एक एसी लावावा. सहा खोल्यांत सहा एसी लावण्याची गरज उरत नाही.

‘पडवी, झडपा, रोशनदाने यांचा खर्च वाढतो.’ वाढतो. पण व्यापारी माणसाने फक्त खरेदीचा भाव पाहून चालत नाही. समजा, यावर तीन लाख जास्त लागले. त्यामुळे वर्षातले २०० दिवस, रोज १५ युनिट वाचले, तर ३,००० युनिट होतात. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाचे ३०,००० रुपये. दहा वर्षांत भांडवल परत, त्यानंतर निव्वळ बचत. आणि एसीचा संच समुद्राकाठी दहा वर्षे धडपणे चालला, तर तेच नशीब.

एक हरकत मात्र कोणी तोंडाने बोलत नाही, पण मनात असते : कौलारू, पडवीचे घर पाहून लोक काय म्हणतील? सोयऱ्यांना वाटेल की पैसा कमी पडला. या लाजेपोटी कितीतरी काचा बसल्या आहेत. फिजूलखर्चीला आपल्याकडे कधीच इज्जत नव्हती. ती आता घराच्या बाबतीत का मिळावी, याचा विचार आपल्या समाजाने करायला हवा.

जागा घेण्याआधी

शेवटी सर्वांत पहिली गोष्ट. समुद्राकाठी हवे तिथे बांधता येत नाही. किनारा नियमन क्षेत्राचा कायदा १९९१ पासून आहे. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण भागात, जिथे २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त आहे तिथे, भरतीरेषेपासून ५० मीटर आणि इतर ठिकाणी २०० मीटर बांधकामाला मनाई आहे. दलालाच्या तोंडी शब्दावर विसंबू नये. मंजूर नकाशावर आपला गट नंबर कुठे पडतो हे लेखी पाहावे, सातबारा आणि बिनशेती परवानगी तपासावी, मगच इसार द्यावा. पाडावे लागणाऱ्या घराइतकी महाग वस्तू दुसरी नाही.

जागा पक्की झाली की घाई करू नये. एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्या जागेवर जाऊन यावे. चार वाजता ऊन कुठवर येते, वारा कुठून लागतो, पाणी कुठे साचते, कोणते झाड सावली देते, हे कागदावर लिहून ठेवावे. मग वास्तुरचनाकाराकडे जावे आणि त्याला बाहेरून घर कसे दिसेल हे विचारण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. वीज गेली तर मे महिन्याच्या दुपारी या घरात बसता येईल का? पश्चिमेचे ऊन काचेच्या बाहेर कुठे अडते? वारा कुठून आत येतो आणि कुठून बाहेर जातो? या तिन्हींचे उत्तर त्याने नकाशावर बोट ठेवून दिले, तर त्याला बयाणा द्यावा. नाही दिले, तर नकाशा घडी करून परत करावा आणि दुसरा माणूस शोधावा.